तूट आणि कर्ज

विद्यार्थी मित्रांनो, ‘वित्तीय तूट’ आणि ‘सरकारी कर्ज’ हे शब्द आपण पुष्कळदा एकच समजतो. तसे नाही. एका वर्षात उत्पन्नापेक्षा जितका जास्त खर्च होतो, ती तूट; ती भरण्यासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या उधारीची न फिटलेली बेरीज, ते कर्ज.

२०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात प्रत्येक रुपयातले २४ पैसे उधारीचे होते. २० पैसे व्याजासाठी आणि ८ पैसे संरक्षणासाठी ठेवले होते. ही उधारी मुख्यतः देशातल्याच बँका व विमा कंपन्या देतात, म्हणजे आपलीच बचत.

कर्ज वाईटच असे नाही. त्यातून धरण किंवा रेल्वेमार्ग झाला, तर फेडणाऱ्या पिढीला त्याचा लाभही मिळतो. रोजचा खर्च भागवला, तर तिच्या वाट्याला नुसते व्याज. ती पिढी तुमची आहे. म्हणून अंदाजपत्रक आपण सर्वांनी वाचावे.