चौकटीबाहेरील चित्रकथा

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. नववीच्या वर्गात भूगोलाचा तास चालू असता शेवटच्या बाकावरील एका विद्यार्थ्याच्या नकाशावहीत दडवलेले कॉमिक्सचे पुस्तक आमच्या हाती लागले. शिरस्त्याप्रमाणे ते जप्त झाले आणि मधल्या सुटीत, खरे सांगावयाचे तर, आम्हीच ते अथपासून इतिपर्यंत चाळले. अंगाला घट्ट बसलेला पोशाख, पाठीवर उडणारे उपरणे, एका ठोशासरशी कोसळणारी इमारत! आमच्या बालपणी इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळाने आणि जादूगार मँड्रेकने आम्हांस असेच वेड लावले होते. १९६४ साली सुरू झालेली ती पुस्तके १९९० मध्ये बंद पडली, तेव्हा आम्ही चार दिवस उदास होतो. त्या मुलावर रागावण्याचा अधिकार आमच्यापाशी फारसा उरला नव्हता. आम्ही त्याचे पुस्तक परत केले. मात्र सोबत आणखी एक पुस्तक वाचावयास दिले. ते पुस्तक आणि त्याची भावंडे यांविषयी येथे लिहावयाचे आहे.

अतिमानवी नायकांच्या कथा बहुधा कारखान्यात तयार व्हाव्यात तशा तयार होतात. एकाने कथा लिहावी, दुसऱ्याने पेन्सिलीने रेखाटावी, तिसऱ्याने शाई फिरवावी, चौथ्याने रंग भरावे आणि पाचव्याने अक्षरे घालावीत. नायक मात्र या पाचांपैकी कोणाचाच नसतो. तो कंपनीच्या मालकीचा. सुपरमॅनचे जनक जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ साली आपल्या नायकाचे सर्व हक्क अवघ्या १३० डॉलरांस विकले. पुढे त्या नायकावर इतरांनी अमाप पैसा मिळविला. या दोघांच्या पदरी वार्षिक निवृत्तिवेतन पडले ते १९७५ साली लोकांनी ओरड केल्यानंतर. कंपनीचा नायक सहसा म्हातारा होत नाही, आणि मेला तरी पुन्हा उठून बसतो, कारण पुढच्या महिन्याचा अंक निघावयाचा असतो. या कथा टाकाऊ आहेत असे आम्ही म्हणत नाही. त्यांतील रेखाटनाचे कसब कित्येकदा थक्क करणारे असते. परंतु त्या वाचून झाल्यावर ‘हे कोणावर बरे गुदरले असेल?’ असा प्रश्न मनात उभा राहत नाही.

तो प्रश्न उभा करणाऱ्या चित्रकथाही आहेत. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरी हार्वे पीकर नावाचा एक कारकून सरकारी रुग्णालयात फायली सांभाळी. त्याला चित्रकला मुळीच येत नसे. तो कागदावर चौकटी आखून त्यांत काड्यांची माणसे काढी, संवाद लिही आणि ते कागद रॉबर्ट क्रम्बसारख्या चित्रकारांच्या स्वाधीन करी. १९७६ पासून ‘अमेरिकन स्प्लेंडर’ या नावाने त्याने हे अंक पदरमोड करून छापले. विषय कोणते? दुकानातील लांबलेली रांग, कचेरीतील गप्पा, स्वतःचा तिरसट स्वभाव. बस्स, एवढेच, आणि तरीही पुस्तक खाली ठेववत नाही.

आर्ट स्पीगेलमन यांचे ‘माउस’ याहून फार दारुण आहे. त्यांचे वडील पोलंडमधील ज्यू. आउश्वित्सच्या छळछावणीतून जिवंत सुटलेले. पुत्राने त्यांस बोलते करून ती हकीकत चित्रांत उतरविली. त्यांत ज्यू लोक उंदरांच्या आणि जर्मन मांजरांच्या रूपात येतात. आरंभीचे भाग लेखकाने आपल्या पत्नीसह चालविलेल्या ‘रॉ’ या नियतकालिकात छापले गेले. दुसरा खंड १९९१ मध्ये निघाला आणि पुढल्याच वर्षी या ग्रंथाला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. वडिलांना पुत्राने देवमाणूस केलेले नाही, ही गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. ते चिक्कू आहेत, हेकट आहेत, सुनबाईंशी आणि पत्नीशी कटकट करतात. दुःख भोगलेला मनुष्य त्यामुळे आपोआप थोर होत नाही, हे पाहणे कठीण असते. पुत्राला तर फारच.

आता आम्ही त्या मुलाला दिलेल्या पुस्तकाकडे वळू. ‘भीमायन’ हे त्याचे नाव. दिल्लीच्या ‘नवयान’ या लहानशा प्रकाशनसंस्थेने ते २०११ साली मूळ इंग्रजीत काढले. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातील परधान गोंड दांपत्याची. परधान हे मूळचे गोंडांचे गायक. बाणा हे तंतुवाद्य वाजवून ते पूर्वजांच्या कथा गात. आपल्याकडे कुडाळजवळील पिंगुळीचे चित्रकथी चित्रे दाखवीत रामायण-महाभारतातील आख्याने सांगतात, हे येथे सहज आठवते.

पुस्तकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणी आहेत. वाचकहो, येथे घाई करू नये. सामान्य कॉमिक्समध्ये पान चौकटींत कापलेले असते. व्याम दांपत्याने आपली माणसे पेटीत कोंडण्यास साफ नकार दिला. गोंडांच्या घरांच्या भिंतींवर ‘दिग्ना’ नावाची नक्षी काढतात. तीच नक्षी पानभर वळणे घेत एक प्रसंग दुसऱ्यापासून वेगळा करते. संवादांचे फुगेही निराळे. सौम्य बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, आणि ज्याच्या वाणीत विष आहे त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. शब्द वाचण्यापूर्वीच डंख जाणवतो! १९०१ सालच्या प्रवासात लहानगा भीम पाण्यावाचून तळमळतो, तेव्हा त्याच्या देहाचाच मासा होतो. शाळकरी निबंधात ‘तो तहानेने व्याकूळ झाला’ असे आपण लिहितो. हा मासा पाहिल्यावर ते वाक्य किती पोकळ वाटते!

दुसरे प्रकरण तर आमच्या बडोद्याचेच आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहावयास जागा मिळेना, म्हणून नाव बदलून ते पारशी लोकांच्या एका विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली दहाबारा माणसे दारात उभी ठाकली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची धमकी देऊन गेली. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही अंग काढून घेतले. मुंबईच्या गाडीला अवकाश होता. तो सारा वेळ विलायतेत शिकलेल्या त्या विद्वानाने कमाटीबागेत बसून काढला. व्याम दांपत्याने या प्रकरणात वडाच्या पारंब्या पसरल्या आहेत. मधूनमधून वर्तमानपत्रांतील अलीकडच्या बातम्याही डोकावतात, म्हणून ‘झाले ते झाले’ असे म्हणून पान उलटता येत नाही.

स्वतंत्रपणे काढलेले प्रत्येक पुस्तक चांगलेच असते, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. त्यांत रटाळ पुस्तकेही पुष्कळ आहेत, आणि काही केवळ प्रौढांसाठी आहेत. ‘माउस’देखील वरच्या वर्गातील मुलांनी, आणि शक्य तर आईवडिलांबरोबर वाचावे.

आठ दिवसांनी त्या मुलाने पुस्तक परत आणले. “सर, ही कमाटीबाग म्हणजे आपलीच?” एवढेच त्याने विचारले. आम्ही होय म्हटले. तो जरा घुटमळला आणि मग त्याने वहीचे शेवटचे पान उघडून आमच्यापुढे धरले. त्यावर काड्यांची माणसे होती. भूगोलाचा तास, शेवटचा बाक, नकाशावहीतून ओढून काढलेले पुस्तक, सारे काही ओळखू येत होते. बाकावरच्या मुलाचा फुगा लहानशा पक्ष्याचा होता. आमच्या फुग्याला विंचवाची नांगी होती.