ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांतील क्षेत्रविस्तार आणि भ्रमंतीचे स्वातंत्र्य

ऑनलाइन भूमिकाप्रधान खेळांमध्ये हजारो खेळाडू आंतरजालाच्या साहाय्याने एकाच काल्पनिक जगात वावरतात. हे जग बहुधा अखंड नसते. ते लहानमोठ्या तुकड्यांत विभागलेले असते. अशा प्रत्येक तुकड्याला क्षेत्र किंवा खेळाडूंच्या बोलीत ‘झोन’ असे म्हणतात. क्षेत्र केवढे असावे, दोन क्षेत्रांमधील सीमा कशी असावी आणि ती कोणाला, केव्हा व कोणत्या वेगाने ओलांडता यावी, यांवर त्या जगात मनमुराद हिंडता येते की नाही हे ठरते. क्षेत्र जितके मोठे तितके स्वातंत्र्य अधिक, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. या खेळांचा इतिहास मात्र त्याला पुरता दुजोरा देत नाही.

क्षेत्रे का पडतात

जगाची विभागणी ही मुळात तांत्रिक गरज आहे. खेळाडूच्या संगणकाला भूप्रदेशाची चित्रे, झाडे, इमारती व प्राणी स्मृतीत साठवावे लागतात. संपूर्ण जग एकाच वेळी साठवणे शक्य नसते. दुसरीकडे, खेळ चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर प्रत्येक हालचालीचा हिशेब होत असतो. एका ठिकाणी जमलेल्या शंभर खेळाडूंपैकी एकाने तलवार उगारली, तर ती बाकीच्या सर्वांना दिसली पाहिजे. म्हणजे गर्दी दुप्पट झाली की देवाणघेवाण दुपटीने नव्हे, तर सुमारे चौपटीने वाढते. म्हणून जगाचे तुकडे पाडून ते निरनिराळ्या संगणकांकडे किंवा निरनिराळ्या प्रक्रियांकडे सोपवले जातात. खेळाडूने सीमा ओलांडली की त्याच्या पात्राची सारी माहिती एका प्रक्रियेकडून दुसरीकडे जाते आणि तेवढा वेळ पडद्यावर ‘लोडिंग’ची पाटी झळकते.

सलग जगात ही पाटी दिसत नाही; पण सीमा तिथेही असतेच, ती फक्त झाकलेली असते. शेजारच्या दोन सर्व्हरांना सीमेलगतच्या वस्तूंची खबर एकमेकांना सतत द्यावी लागते, आणि त्यात चूक झाली की विचित्र प्रसंग उद्भवतात. अल्टिमा ऑनलाइन या खेळात अशा छुप्या सीमारेषेवर वस्तूंच्या नकला तयार करण्याची युक्ती काही खेळाडूंनी शोधून काढली होती.

आरंभ

या प्रकारच्या खेळांचे मूळ ‘मड’ या नावाच्या, केवळ मजकुरावर चालणाऱ्या खेळात आहे. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ साली तो लिहावयास घेतला आणि रिचर्ड बार्टल यांनी पुढे नेला. त्यातील जग ‘खोल्यांचे’ बनलेले होते. खोली म्हणजे चार भिंतीच असतील असे नाही. एखादी दरी किंवा नदीकाठही खोलीच. खोलीचे वर्णन वाचायचे, उत्तरेकडे वा पूर्वेकडे जाण्याची आज्ञा द्यायची आणि पुढच्या खोलीचे वर्णन वाचायचे, एवढाच प्रवास. येथे चौरस मैलांना काही अर्थ नव्हता. जग मोठे वाटे ते पुढच्या खोलीत काय आहे हे ठाऊक नसल्यामुळे.

याच बार्टल यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात खेळाडूंचे चार प्रकार सांगितले: यश मिळवू पाहणारे, शोध घेणारे, माणसे जोडणारे आणि इतरांवर हल्ले करणारे. त्यांच्या मते शोधक खेळाडूचा आनंद नकाशाचे कोपरे पाहण्यापुरता नसतो. जगाचे नियम कसे चालतात हे उकलण्यातही त्याला तितकाच रस असतो. पुढील काळात क्षेत्रांच्या आकारावरून झालेल्या वादांच्या मुळाशी बहुतेक वेळा हे चार प्रकारचे लोक एकाच भूमीवर नांदतात ही अडचण असते.

१९९९ : दोन खेळ, दोन रचना

१९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एव्हरक्वेस्ट आणि अ‍ॅशरन्स कॉल या दोन खेळांनी एकाच प्रश्नाला परस्परविरुद्ध उत्तरे दिली. त्यामुळे या विषयाच्या अभ्यासात त्यांची तुलना विशेष उपयोगी पडते.

अ‍ॅशरन्स कॉलमधील डेरेथ ही भूमी सलग होती. तिचे क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल सांगितले जाई. भुयारांचा अपवाद सोडला तर सबंध भूपृष्ठावर कोठेही न थांबता चालता येत असे. समोर दिसणाऱ्या डोंगरावर चढून पलीकडे उतरता येई. त्या काळी हे मोठेच नवल होते. प्रत्यक्षात मात्र एवढी भूमी पायी तुडवण्यापेक्षा खेळाडू जागोजागच्या जादूई द्वारांतून ये-जा करू लागले, आणि मधला पुष्कळसा प्रदेश ओसाडच राहिला.

एव्हरक्वेस्टमधील नॉरॅथ हे जग याउलट उघडउघड क्षेत्रांत विभागलेले होते. सीमारेषेवर पाऊल पडताच दृश्य गोठे, आणि पुढील क्षेत्र संगणकात भरले जाईपर्यंत खेळाडूला ताटकळावे लागे. तरीही हे जग अफाट असल्याची भावना त्याच्या खेळाडूंमध्ये अधिक खोल रुजली. पश्चिम किनाऱ्यावरील कीनोस शहरातून पूर्वेकडील फ्रीपोर्टला जाणे हा नवख्या खेळाडूच्या दृष्टीने एक पराक्रमच होता. कीनोसच्या टेकड्या, कराना नावाची तीन विस्तीर्ण मैदाने, हायपासची खिंड, किथिकोरचे अरण्य आणि कॉमनलँड्सचा माळ असा हा मार्ग. किथिकोरमध्ये रात्री प्रबळ प्रेतात्मे फिरत. म्हणून जाणते खेळाडू अरण्याच्या सीमेवर उजाडेपर्यंत थांबून राहत. वाटेत मृत्यू आला तर पात्र आपल्या मूळ ठिकाणी पुन्हा जिवंत होई. पण त्याचे सारे सामान मेलेल्या जागी, प्रेतासोबत पडून राही. ते आणण्यासाठी निःशस्त्र अवस्थेत तोच रस्ता पुन्हा कापावा लागे. आजच्या खेळाडूला हा छळ वाटेल, आणि तो काही अंशी होताही. परंतु अंतराला किंमत असल्यामुळेच नॉरॅथमधील दूरचे गाव खरोखर दूर वाटत असे.

सीमारेषेचेही एक वेगळेच जीवन निर्माण झाले. पाठलाग करणारे राक्षस क्षेत्राची सीमा ओलांडू शकत नसत. साहजिकच जीव घेऊन पळणारा प्रत्येक जण सीमेकडे धावे आणि त्याच्यामागे राक्षसांची रांग लागे. या रांगेला ‘ट्रेन’ असे नाव पडले. ट्रेन येत असल्याची आरोळी ऐकली की सीमेजवळ विसावलेले खेळाडूही उठून पळत, कारण गिऱ्हाईक निसटल्यावर परतणारे राक्षस वाटेत भेटेल त्यावर तुटून पडत. पूर्व कॉमनलँड्समधील एका बोगद्यात तर खेळाडूंनी आपण होऊन बाजार भरवला. तो भरवण्याची कोणतीही सोय कंपनीने केलेली नव्हती. जागा येण्याजाण्याच्या मार्गावर आणि सोयीची होती, एवढेच कारण. डिसेंबर २००१ मधील विस्तार-आवृत्तीने खरेदीविक्रीसाठी स्वतंत्र बाजारक्षेत्र दिले आणि बोगदा सुना पडला. २००२ सालच्या पुढील आवृत्तीत एक मध्यवर्ती नगर आले. तेथून दूरदूरच्या शहरांत क्षणार्धात जाता येऊ लागले. नॉरॅथचे क्षेत्रफळ या आवृत्त्यांमुळे वाढले होते; जग मात्र लहान झाले.

जमिनीची टंचाई

१९९७ साली आलेल्या अल्टिमा ऑनलाइनमध्ये खेळाडूला मोकळ्या जागेवर घर बांधता येत असे. घरे पाडण्याची घाई कोणालाच नव्हती, बांधण्याची सर्वांना होती. त्यामुळे काही काळातच माळराने घरांनी भरून गेली आणि भटकंतीसाठी राखीव मानलेली भूमी गजबजली. त्याच वेळी शहरांच्या सुरक्षित हद्दीबाहेर कोणीही कोणालाही ठार मारून लुटू शकत असे. एकाचे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या पायातील बेडी ठरत होते: नकाशा खुला होता, पण दुबळा खेळाडू वेशीबाहेर पडण्यास धजावत नसे. २००० साली कंपनीने त्याच नकाशाची दुसरी प्रत निर्माण केली. जुनी फेलुका आणि नवी ट्रॅमेल. नव्या भूमीत संमतीवाचून खेळाडूवर हल्ला करण्यास बंदी होती. खेळाडूंचा ओघ नव्या भूमीकडे लागला. या निर्णयाने खेळाचा आत्माच हरपला असे मानणारा एक वर्ग आजही आहे. मात्र ज्यांना निर्धास्तपणे हिंडायचे होते त्यांना ती मोकळीक प्रथमच मिळाली, हे त्या वर्गालाही नाकारता येणार नाही.

उड्डाणाचा वाद

नोव्हेंबर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने सलगता आणि क्षेत्र यांची सांगड घातली. प्रत्येक खंडात चालताना पाटी लागत नाही. ती लागते खंड बदलताना किंवा डंजनमध्ये शिरताना. तरीही क्षेत्रे स्पष्ट ओळखू येतात, कारण प्रत्येकाला स्वतःचा रंग व हवामान आहे. एल्विनचे हिरवे रान संपले की वेस्टफॉलची पिवळी शेते लागतात. डन मोरोचा बर्फ एका बोगद्यापलीकडे लॉक मोडनच्या हिरवळीत संपतो. डोंगररांगा, खिंडी व वळणदार रस्ते यांच्या योगाने दोन ठिकाणांमधील अंतर असते त्याहून बरेच अधिक भासते. आरंभीच्या काळात ४०व्या पातळीपर्यंत बहुतेकांना पायीच फिरावे लागे, त्यामुळे हा आभास टिकून राही.

जानेवारी २००७ मधील विस्तार-आवृत्तीत आउटलँड या नव्या भूमीवर उडणारी वाहने आली. जुन्या खंडांवर ती चालत नव्हती. तेथील डोंगरांमागचा भाग वरून पाहिला जाणार नाही या भरवशावर अर्धवटच रचलेला होता. ही अर्धवट भूमी हे काही खेळाडूंचे मोठे आकर्षण ठरले. कड्यांच्या बारीकसारीक उंचवट्यांवरून उड्या मारीत ते बंद असलेल्या हायजाल पर्वतावर पोहोचत. तेथे ना शत्रू होते, ना बक्षीस. हायजाल रीतसर खुला झाला तो डिसेंबर २०१० मध्ये, जुने खंड उड्डाणासाठी नव्याने रचण्यात आले तेव्हा.

उड्डाणाने एक सोय दिली आणि तिची किंमतही वसूल केली. वाटेतील शत्रू, वळणे व दऱ्या निरर्थक झाल्या; खेळाडू इच्छित स्थळावर वरून उतरू लागला. नोव्हेंबर २०१४ मधील आवृत्तीत ड्रेनॉर या भूमीवर कंपनीने उड्डाण बंद ठेवले आणि २०१५ साली ती बंदी कायम राहील असे जाहीर केले. खेळाडूंनी प्रखर निषेध केल्यावर काही आठवड्यांतच तडजोड झाली: जो ड्रेनॉरचा सर्व प्रदेश पायाखाली घालील व ठरावीक कामगिऱ्या पूर्ण करील त्यालाच उडता येईल. आधी भूमी पाहा, मग ती ओलांडा, असा हा व्यवहार होता. जून २०१५ मध्ये आलेल्या फायनल फँटसी १४ च्या विस्तार-आवृत्तीतही जवळजवळ हाच नियम दिसतो. तेथे प्रत्येक क्षेत्रात विखुरलेले वायुप्रवाह शोधल्याखेरीज उड्डाण मिळत नाही.

विस्ताराचे तोटे

फायनल फँटसी १४ चा पूर्वेतिहास बोधप्रद आहे. सप्टेंबर २०१० मध्ये तो प्रथम प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचे प्रदेश विस्तीर्ण आणि आतून सलग होते. परंतु तीच दरी, तोच कडा, तेच वळण पुन्हापुन्हा वापरून ते भरलेले होते आणि त्यावर सडकून टीका झाली. नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रे आल्यावर नोव्हेंबर २०१२ मध्ये तो खेळ बंद करण्यात आला. कथेत एक उपग्रह कोसळून जुन्या जगाचा अंत झाला. ऑगस्ट २०१३ मध्ये अवतरलेल्या नव्या खेळात अरण्याच्या एका प्रदेशाची चार स्वतंत्र क्षेत्रे झाली, त्यांच्यामध्ये लोडिंगच्या पाट्या आल्या, आणि तरीही खेळाडू परतले. त्याआधी, जानेवारी २००७ मध्ये आलेला व्हॅनगार्ड हा खेळ सलग आणि प्रचंड भूमीचे स्वप्न घेऊन आला होता. तुकडा बदलताना त्याचे दृश्य अडखळे आणि एवढ्या मोठ्या जगात माणसे विरळ दिसत. जुलै २०१४ मध्ये तो बंद पडला.

पातळीची कुंपणे

काही सीमा नकाशावर दिसत नाहीत. बहुतेक खेळांत प्रत्येक क्षेत्र ठरावीक पातळीच्या खेळाडूंसाठी असते. तेथे आधी गेल्यास मरण, उशिरा गेल्यास कंटाळा. म्हणजे नकाशा विशाल असूनही कोणत्याही वेळी उपयोगाची क्षेत्रे दोनचारच. २०१२ सालच्या गिल्ड वॉर्स २ ने खेळाडूचे बळ क्षेत्राच्या मानाने खाली आणून ही अडचण कमी केली. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये २०१४ साली प्रत्येक खेळाडू आरंभी आपल्याच गटाच्या भूमीत बांधलेला असे. ऑक्टोबर २०१६ मधील बदलाने ही बंधने गेली आणि सर्व क्षेत्रांतील शत्रू सर्वांना तुल्यबळ झाले. कोणत्याही दिशेला जाण्याची मुभा मिळाली. मात्र कोणतीच दिशा दुसरीपेक्षा अधिक धोक्याची उरली नाही, अशी तक्रारही तेव्हापासून ऐकू येते.

ईव्ह ऑनलाइन

मे २००३ मध्ये आलेला आइसलँडमधील ईव्ह ऑनलाइन हा खेळ अंतराळात घडतो. त्यात प्रत्येक सूर्यमाला हेच एक क्षेत्र असते, आणि त्याचा सारा हिशेब एकाच प्रक्रियेकडे असल्याने ते लढाईच्या वेळी आणखी विभागता येत नाही. हजारो जहाजे एका सूर्यमालेत भिडली की खेळ तेथील काळच मंद करतो; तो नेहमीच्या वेगाच्या एक दशांशापर्यंत उतरू शकतो. मार्च २००९ मध्ये या विश्वात सुमारे २,५०० नव्या सूर्यमालांची भर पडली. त्यांच्याकडे जाणारे कायमचे रस्ते नाहीत. कृमिविवरे उघडतात, ठरावीक काळाने किंवा ठरावीक वजनाची जहाजे गेल्यावर मिटतात आणि दुसरीकडे उघडतात. आत गेल्यावर तेथे आणखी कोण आहे याची यादी, जी इतरत्र आपोआप दिसते, ती मिळत नाही. आलेल्या वाटेचे विवर मिटले तर परतीची वाट नव्याने हुडकावी लागते, आणि काल काढलेला नकाशा आज बहुधा उपयोगाचा नसतो.