चार अनुभवी माणसांना विचारा

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : आता पुढे काय? शिकलेल्या घरात याचे उत्तर जेवता जेवता मिळते. पण आईबाप बांधकामावर, शेतमजुरीला किंवा साफसफाईच्या कामाला जाणारे असतील, तर त्या लेकराने कोणाला विचारावे? मग शेजारचा मुलगा जिकडे गेला तिकडेच आपलेही पोर जाते. नाहीतर गोड बोलणाऱ्या एजंटच्या हाती घामाचा पैसा जातो.

अनुभवी माणसाला विचारण्यात कमीपणा नाही. आपल्या बाबासाहेबांच्याच विद्यार्थीदशेकडे पाहा. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा भीमराव कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या नजरेत भरला. गुरुजींनी त्याची चौकशी केली, वाचायला पुस्तके दिली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे इंटरनंतर सुभेदार रामजींना खर्च झेपेना. तेव्हा गुरुजींनीच सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ साली भीमराव बी. ए. झाले. एका जाणत्या माणसाने वेळेवर दाखवलेली वाट कुठवर पोहोचली, हे आपण जाणतोच.

पण बाबासाहेबांनी मोठ्यांचे सारेच मुकाट्याने मानले नाही. रामायण-महाभारत वाचायला का लावता, असे त्यांनी वडिलांनाच विचारले आणि मिळालेल्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही. तथागतांनीही कालामांना हेच शिकवले : गुरू सांगतो म्हणून मानू नका, हिताचे काय ते स्वतः पारखा. म्हणून सल्ला एकाचा घेऊ नये. चौघांना विचारावे, ताडून पाहावे आणि निर्णय आपला आपण घ्यावा.

सावंगी (मेघे) आणि आसपासच्या कुटुंबांना तर दूर जाण्याचे कारण नाही. येथे १९९० साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या जोडीला दंत, नर्सिंग असे शिक्षण आले, मोठे रुग्णालय उभे राहिले. वॉर्डातल्या सिस्टर, मावशी, मामा, लॅबमधले तंत्रज्ञ ही सारी त्या वाटेने चाललेली माणसे आहेत. मुलीला नर्सिंगला घालायचे असेल तर ड्युटी सुटल्यावर एखाद्या सिस्टरला गाठा.

मात्र "कोर्स चांगला आहे का?" एवढेच विचारू नका. त्याला सगळेच "हो" म्हणतात. कॉलेजला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? वसतिगृह, गणवेश, परीक्षा धरून वर्षाचा खरा खर्च किती? पहिला पगार किती मिळाला? रात्रपाळी किती? शिष्यवृत्ती लागू आहे का? हे नीट विचारा, कारण सरकारी महाविद्यालय आणि अभिमत विद्यापीठ यांची फी व सवलतींचे नियम सारखे नसतात. सावंगीची संस्था २००५ पासून अभिमत विद्यापीठ आहे. एजंटने काहीही सांगितले तरी कॉलेजच्या कार्यालयात स्वतः जाऊन खात्री करा आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

काही सल्ला घरातल्या आजीकडेच मिळतो. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध कुटुंबांना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा रहिवासाचा पुरावा लागतो. आजोबा कोणत्या गावच्या शाळेत होते, जन्माची नोंद कोणत्या गावच्या कोतवाल बुकात सापडेल, हे आजीलाच आठवते. ती आहे तोवर विचारून लिहून ठेवा. ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ करून हे कागद मिळत नाहीत.

आणि जे शिकून पुढे गेले त्यांचेही कर्तव्य आहे. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की अर्धा तास थांबा. आपण कुठे अडखळलो, काय उपयोगी पडले, ते दहावी-बारावीच्या मुलामुलींना सांगा. नोकरी लागलेल्या मुलींनी तर आवर्जून बोलावे, कारण लेकीला पुढे शिकवावे की नाही या विचारात असलेली आई त्यांचेच ऐकते.

शेवटी घरी सगळे मिळून बसा आणि जिला शिकायचे आहे तिचे मत आधी ऐका. सल्ला दहा जणांचा घ्यावा, पण अभ्यास तिलाच करायचा आहे.