जवळजवळ बरोबर आणि अगदी बरोबर
(बी. ए. द्वितीय वर्ष)

‘मॅट्रिक्सवर लेख लिहिते आहे’ असे घरी सांगितले, तेव्हा बाबांना वाटले की मी मॅट्रिकच्या परीक्षेवर लिहिते आहे. आमच्या घरात ती परीक्षा ओलांडणारी मी पहिलीच. त्यांचे काही चुकले नाही. मात्र ‘बी. ए.ला गणित घेऊन काय करणार?’ हा प्रश्न मला कॉलेजातही ऐकावा लागतो. त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही, एका माणसाची हकीकत आहे.

मदनलाल मेहता यांचा जन्म १९३२ सालचा, उदयपूरच्या उत्तरेकडील रेलमगरा या लहानशा गावचा. राजस्थान विद्यापीठातून १९५६ मध्ये गणितात एम. एस्‌सी. होऊन ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. तेव्हा ही संस्था गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबात होती. तिथे दोन वर्षे काढून १९५८ मध्ये ते फ्रान्समधील साक्ले येथील अणुसंशोधन केंद्रात गेले. तिथे त्यांना जन्मभर पुरेल असा प्रश्न भेटला.

प्रश्न असा. युरेनियमच्या एका अणुकेंद्रकात २३८ कण दाटीने बसलेले. त्यावर न्यूट्रॉन सोडले तर विशिष्ट ऊर्जांनाच ते चटकन शोषले जातात. या ऊर्जापातळ्या एकेक करून गणिताने काढणे अशक्यच. मॅट्रिक्स म्हणजे उभ्या-आडव्या रांगांत मांडलेल्या संख्या. अशा प्रत्येक मांडणीची स्वतःची काही ‘आयगेन मूल्ये’ असतात, आणि पुंजभौतिकीत तीच ऊर्जापातळ्या ठरतात. १९५० च्या दशकात युजीन विग्नर यांनी सुचवले की आतले बल ठाऊक नाही ना? मग सगळी घरे जणू फासे टाकून भरा, फक्त कर्णाच्या दोन्ही बाजू सारख्या ठेवा. पातळी कुठे आहे ते कळणार नाही; दोन पातळ्यांत अंतर कसे पडते, ते कळेल.

पावसाचे पहिले थेंब अंगणात पडतात, ते कुठे दोन चिकटून, तर कुठे हातभर जागा कोरडी. संत्र्याच्या बागेतली झाडे मोजून लावलेली. ऊर्जापातळ्या या दोहोंच्या मधल्या, आमच्या बेसा चौकातून शहराकडे निघणाऱ्या ऑटोंसारख्या. वेळापत्रक नाही, पण एका ऑटोला चिकटून दुसरा निघत नाही, कारण सवाऱ्या पुढचाच उचलतो. (ही थट्टा समजू नये. मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका शहरातील बसगाड्यांची अंतरे मोजली गेली, आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ती याच गणिताशी जुळली.)

असे का व्हावे? क, ख, ग ही तीन मूल्ये घ्या. त्यांच्या संभाव्यतेच्या सूत्रात (क−ख)(ख−ग)(क−ग) हा गुणाकार येतो, चिन्ह सोडून. कोणतीही दोन मूल्ये जवळ सरकली की गुणाकार शून्याकडे जातो. म्हणजे ती जवळीक जवळजवळ घडतच नाही. हाच गुणाकार व्हँडरमाँडच्या निश्चयकात भेटतो. परीक्षेपुरता तो सोडवताना असे काही मनात आले नव्हते, हे कबूल करते.

विग्नर यांनी अंतरांचे सूत्र दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सवरून अंदाजाने मांडले होते. मेहता आणि मिशेल गोदँ यांनी १९६० च्या सुमारास हर्माइट बहुपदींच्या साहाय्याने मोठ्या मॅट्रिक्सचे अचूक गणित करून दाखवले. निघाले काय, तर अंदाज फारच जवळचा होता; फरक अगदी थोडा. मग एवढी खटपट कशाला, असे कुणी म्हणेल. माझे बाबा गवंडी आहेत. ओळंब्याला ‘जवळजवळ’ बसलेली भिंत ते उतरवून पुन्हा रचतात. त्यांना हा प्रश्न पडला नसता.

मेहतांनी ही सगळी सूत्रे १९६७ मध्ये ‘रँडम मॅट्रिसेस’ या पुस्तकात एकत्र मांडली. पुढे १९७२ मध्ये प्रिन्स्टनला चहाच्या वेळी सर्वदमन चौला यांनी ह्यू माँटगोमेरी या तरुण गणितज्ञाची फ्रीमन डायसन यांच्याशी ओळख करून दिली. माँटगोमेरी मूळ संख्यांशी निगडित अशा रीमानच्या झीटा फलनाच्या शून्यस्थानांमधील अंतरे अभ्यासत होते. त्यांनी सूत्र सांगताच डायसन यांनी ते ओळखले. अणुकेंद्रकांसाठी केलेल्या गणितातलेच ते होते! डायसन यांनी नंतर एक चिठ्ठी लिहिली. तीत मेहतांच्या पुस्तकाचे नाव आणि पानांचे आकडे होते.

मेहतांनी पुस्तक वाढवत नेले. दुसरी आवृत्ती १९९१ ची, तिसरी २००४ ची. डिसेंबर २००६ मध्ये उदयपूरला ते वारले. माँटगोमेरींच्या त्या सूत्राची पूर्ण सिद्धता अजून कुणाला देता आलेली नाही.