खेड, खेंड की खेर्डी?

बिनतारी दुनिया : भाग ६

जुलैतल्या एखाद्या दुपारी पडवीच्या पत्र्याखाली उभं राहा. पाऊस असा कोसळत असावा की शेजारच्याचंही धड ऐकू येऊ नये. मग अंगणापलीकडच्या माणसाला तीन नावं ओरडून सांगा : खेड, खेंड, खेर्डी. त्याने जे ऐकलं ते कागदावर लिहायला लावा. तिन्ही नावं बरोबर उतरली, तर एक तुमचा गळा शाहिराचा आहे, नाहीतर तो माणूस चिपळूणचा आहे.

चिपळूणकराला या तिन्हींतला फरक सांगायला नको. खेंड शहरातच आहे, खेर्डी कराड रस्त्याला लागून, आणि खेड हा उत्तरेचा शेजारचा तालुका. पण मदतीला बाहेरून आलेल्या पथकाला हे ठाऊक नसतं. वायरलेसच्या खरखरीत हा फरक एका अनुस्वाराएवढाच उरतो. होडी हवी असते खेंडला आणि ती निघते खेर्डीला.

मागच्या भागात आपण परवान्यापर्यंतची वाट पाहिली. वय १२ वर्षं पूर्ण हवं. केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. रिस्ट्रिक्टेड वर्गाला मोर्स लागत नाही, जनरल वर्गाला मात्र मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने कडकट्ट यावं लागतं. पुढे व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीने सुरू होणारी कॉलसाइन मिळते आणि तुम्ही 'हॅम' होता, म्हणजे हौशी रेडिओवाले. पण लायसन्स हातात पडलं म्हणून कुणी लगेच कुंभार्ली घाटात गाडी घालत नाही. हात बसावा लागतो, आणि तो बसवण्यासाठी क्लब असतो. असा क्लब चिपळूणच्या भूगोलावर मांडायचा झाला, तर वर्षभरात त्यात काय काय शिकता येईल, ते आज पाहू.

आठवड्याची हजेरी

क्लबचं सगळ्यात साधं काम म्हणजे 'नेट'. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांनी हजर व्हायचं. एक जण सूत्रं सांभाळतो, तो नेट कंट्रोल. तो एकेकाची कॉलसाइन पुकारतो, ज्याची पाळी त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. फोनवर दोघं एकदम बोलले तरी चालून जातं. इथे सेटचं बटण दाबलं की तुमचं ऐकणं बंद होतं, आणि दोघांनी एकदम दाबलं तर कुणाचंच काही कळत नाही.

नवख्याची पहिली चूक ठरलेली असते. बटण दाबता दाबताच तो बोलायला लागतो आणि पहिलं अक्षर हवेत जातच नाही. 'बावीस माणसं अडकली आहेत' हा निरोप पलीकडे 'वीस माणसं' होऊन पोचतो. दोन माणसं एका अक्षरात हरवतात. म्हणून बटण दाबून क्षणभर थांबायचं आणि मग बोलायचं. आकडा सांगायचा तो आधी पूर्ण आणि पाठोपाठ सुटा : बावीस, दोन-दोन. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांची गल्लत बँकेच्या खिडकीवरही होते, खरखरीत तर होणारच.

निरोपाचा कागदही ठरलेला असतो. क्रमांक, वेळ, कोणाकडून, कोणाला आणि मजकुरातले शब्द किती. शब्द मोजलेले असले की एखादा गळला तर पलीकडच्याला लगेच कळतं. लिहून घेणाऱ्याने निरोप परत वाचून दाखवायचा आणि पाठवणाऱ्याने 'बरोबर' म्हणायचं, तेव्हाच तो पोचला असं धरायचं. दर आठवड्याला पाच-सहा लटके निरोप असे फिरवले की दोन-तीन महिन्यांत कान तयार होतात.

या गप्पांना मर्यादा आहेत. धंद्याचं बोलायचं नाही, राजकारण नाही, सांकेतिक भाषा नाही. जे बोलाल ते कुणीही ऐकू शकतं, पारावरच्या बोलण्यासारखं. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑनलाइन स्वस्तात हँडसेट मिळतो, पण तो विकत घेतला म्हणून त्यावर बोलायचा परवाना मिळत नाही. दाभोळ-हर्णैच्या मच्छीमार बोटींवरचा वायरलेसही वेगळा. त्याचे चॅनल समुद्रासाठी राखलेले असतात, हॅमने तिथे शिरायचं नाही.

वाडग्यातलं गाव

चिपळूण डोंगरांच्या वाडग्यात बसलेलं आहे. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, उत्तरेला परशुरामचा डोंगर, मधून वाशिष्ठी दाभोळच्या खाडीकडे जाते. हॅम मंडळींचा नेहमीचा हँडसेट १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झवर, साधारण ५ वॅटवर चालतो. या लहरी जवळपास नजरेसारख्या सरळ जातात, डोंगर आडवा आला की अडतात. बाजारपेठेतून बोलाल तर काही किलोमीटर. तोच सेट परशुरामच्या माथ्यावर नेलात तर समोरच्या डोंगरमाथ्यापर्यंत कितीतरी लांब पोच मिळते. म्हणूनच उंचावर रिपीटर बसवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर जोरात पुन्हा बोलतो. खालच्या दोन वाड्या एकमेकींना दिसत नसल्या, तरी माथ्यावरचा रिपीटर दोघींना दिसतो.

आणि सह्याद्रीपलीकडे, पुण्याला किंवा कोल्हापूरला बोलायचं असेल तर? तिथे ७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा कामाला येतो. या लहरी फार उंच न बांधलेल्या तारेवरून जवळजवळ सरळ वर पाठवायच्या. अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरचा आयनांबराचा थर त्यांना परत खाली लोटतो. बागेतल्या पाइपचं तोंड आभाळाकडे धरलं की पाणी आपल्याच भोवती पडतं ना, तसंच. डोंगराची भिंत कितीही उंच असो, लहर तिच्या डोक्यावरून येते. दिवसा हे छान जमतं. रात्री थर विरळ होतो, तेव्हा खाली साडेतीन मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात उतरावं लागतं.

या अँटेनाला टॉवर लागत नाही. दहा-दहा मीटरच्या दोन तारा, मधोमध सेटकडे जाणारी केबल, टोकांना दोऱ्या आणि दोन माड. क्लबातला हा पहिला हातकामाचा धडा. कोकणात त्याला तीन पोटधडे जोडावे लागतात. माड वाऱ्याने झुलतो, म्हणून दोरी घट्ट न बांधता कप्पीवरून घेऊन तिला वजन लटकवायचं, नाहीतर पहिल्याच वावटळीत तार तुटते. दमट हवेत सांधे गंजतात, म्हणून नीट डाख देऊन वर रबरी टेप गुंडाळायची. आणि मे महिन्यात वळवाचे ढग गडगडू लागले की केबल सेटपासून काढून ठेवायची. टीव्ही-मिक्सर दुरुस्त करणारा एखादा कारागीर क्लबात असला, तर या बाबतीत इंजिनिअरिंगची पोरंही त्याच्याकडून शिकतील.

कोल्ह्याची शिकार

पावसाळा सरला की मुलांना सगळ्यात आवडणारा खेळ : फॉक्स हंट. यात कोल्हा म्हणजे कुठेतरी झुडपात लपवलेला छोटासा ट्रान्समीटर. गोवळकोटच्या किल्ल्यावर तो दडवायचा आणि पोरांनी आवाजाच्या मागाने हुडकून काढायचा. अँटेना घरीच होते. प्लास्टिकच्या नळीवर मोजमापाच्या पोलादी टेपचे तीन तुकडे आडवे बसवले की ती एका दिशेचं जास्त ऐकते. तीही नसेल तर हँडसेट छातीशी धरून स्वतःभोवती सावकाश फिरायचं. आवाज सगळ्यात क्षीण होईल तेव्हा कोल्हा आपल्या पाठीमागे असतो, कारण आपलं शरीरच लहर अडवतं. गंमत अशी की समोरच्या डोंगरावर आपटून आलेली लहरही खऱ्यासारखी वाटते आणि पोरं भलत्याच दिशेला धावतात. भौतिकशास्त्रातलं परावर्तन असं पायांनी कळतं.

आभाळाकडे कान लावायचे तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आहेच. सुमारे ४०० किलोमीटरवरून जाताना ते फार तर दहा मिनिटं आपल्या आभाळात असतं. तिथला हौशी रेडिओ चालू असेल तर १४५.८०० मेगाहर्ट्‌झवर अंतराळवीराचा आवाजही कानी पडतो. आपल्याकडेही या छंदाने उपग्रहापर्यंत मजल मारली आहे. इस्रोने ५ मे २००५ रोजी 'हॅमसॅट' खास हौशी मंडळींसाठी सोडला. २२ जून २०१६ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' अवकाशात गेला. वजन जेमतेम एक किलो आणि काम हौशी रेडिओच्या पट्ट्यातून निरोप इकडून तिकडे पोचवणं.

पुराआधीची तयारी

२२ जुलै २०२१ चिपळूण विसरणार नाही. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी शहरात शिरलं, बाजारपेठ बुडाली, घरं पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात गेली. वीज गेली आणि मोबाइल गप्प झाले. यात नवल नव्हतं. मोबाइलच्या टॉवरला वीज लागते. ती गेली की बॅटरीवर काही तास निघतात, पुढे जनरेटर. तो जमिनीवर असतो आणि त्याचं डिझेल रस्त्याने येतं. पाण्याने जमीन आणि रस्ता दोन्ही घेतले की टॉवर नुसता उभा राहतो.

हॅमला सेट, बॅटरी आणि तार पुरते. पण हे तिन्ही तळमजल्यावरच्या कपाटात असतील तर काय उपयोग? म्हणून चिपळूणच्या क्लबाचं वर्ष मेअखेरच्या तपासणीने सुरू व्हावं. सामान माळ्यावर गेलं का, बॅटरी भरली का, तार बांधायची गच्ची कुणाची? हिशेबही तोंडपाठ हवा. १०० वॅटचा सेट पूर्ण जोराने बोलताना साधारण २० अँपिअर खातो, ऐकताना एखादाच. पुरात बॅटरी परत भरता येत नाही, म्हणून पुष्कळ ऐकायचं आणि थोडंच बोलायचं. एरवी दुसऱ्याचे निरोप वाहण्यावर बंधन आहे. आपत्तीत मात्र सरकारी यंत्रणेच्या सांगण्यावरून ते काम करता येतं. तेव्हा तहसील कचेरीशी ओळख जूनपूर्वीच हवी.

हौसेचा सराव संकटात कसा कामी येतो, ते अंदमानात दिसलं. डिसेंबर २००४मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओची तुकडी भारती प्रसाद यांच्यासोबत पोर्ट ब्लेअरला गेली होती. अंदमानातून बरीच वर्षं हौशी रेडिओ बंद होता, त्यामुळे तिथून बोलणं ही जगभरच्या हॅमसाठी पर्वणी होती. गेले होते हौसेने. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप आणि त्सुनामी आली, आणि त्याच तारा, तेच सेट, तेच सरावलेले कान बेटांवरच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवर पोचवायला लागले. त्यांनी संकटासाठी वेगळी अशी कुठलीच तयारी केलेली नव्हती.

या आठवड्याचा अभ्यास सोपा आहे. आपल्या पंचक्रोशीतल्या कानाला सारख्या वाटणाऱ्या गावांची, वाड्यांची, मोहल्ल्यांची यादी करा. प्रत्येकापुढे एक न चुकणारी खूण लिहा : कुठला पूल, कुठलं देऊळ, कुठली शाळा. मग ती यादी पत्र्याखाली उभं राहून कुणालातरी वाचून दाखवा. लिहिणाऱ्याने जिथे चूक केली, तिथली खूण बदला.

(पुढच्या भागात : दहा मीटरच्या दोन तारा आणि दोन माड)