मेडिकल स्कूल निवडताना

वसंत आला की इथे अमेरिकेत आपल्या घराघरांत एकच विषय: "कुठे मिळाली अ‍ॅडमिशन?" दोन-तीन ठिकाणी मिळाली असेल, तर साधारण ३० एप्रिलपर्यंत एक ठेवून बाकीच्या सोडायच्या असतात. आणि आपण आईबाप बहुधा नावाकडे बघतो. (चारचौघांत सांगायला बरं!)

आमचं ऐकाल तर आधी खर्च बघा. आपल्याच राज्याच्या सरकारी कॉलेजात फी सहसा बरीच कमी पडते. २०२५च्या कायद्याप्रमाणे १ जुलै २०२६पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना केंद्र सरकारकडून वर्षाला ५०,००० आणि एकूण २ लाख डॉलर, एवढीच मर्यादा. वरची रक्कम स्वतः उभी करायची.

दुसरं म्हणजे, स्टेप वन परीक्षेला २०२२पासून मार्क नाहीत, फक्त पास-नापास. त्यामुळे रेसिडेन्सीसाठी स्टेप टूचे मार्क आणि वॉर्डातल्या कामाचे शेरे यांना वजन आलं. म्हणून मुलांनी तिथल्या चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठावं. (आपण पार्किंगमध्येच थांबावं.) रोटेशन्स त्याच गावात होतात, की सारखं बिऱ्हाड हलवावं लागतं? पेशंट स्वतः तपासायला मिळतो, की नुसतं मागे उभं राहायचं? नापास होऊ लागलेल्याला कोण सांभाळतं? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला, तर घरी येऊन पुन्हा बोला.