घरच्या चुलीवर फळांचे स्कोन



वाशीम शहरांतील एका गृहिणीचें पत्र आज माझ्यापुढें आहे. त्यांची लेक पुण्यास नोकरीला असते. सुट्टींत घरीं आली कीं, तेथील कॉफीगृहांत मिळणाऱ्या, मनुका घातलेल्या स्कोनांची ती आठवण काढते. आईनें तो पदार्थ दोन वेळां घरीं करून पाहिला. पहिल्या वेळीं तो दगडासारखा झाला. दुसऱ्या वेळीं, त्यांच्याच शब्दांत सांगावयाचें तर, "भाजलेली पोळीची लाटी" हातीं आली. पत्राच्या शेवटीं त्यांनीं तीन प्रश्न विचारले आहेत. आमच्याकडे ओव्हन नाहीं, तेव्हां हा नाद सोडून द्यावा काय? पीठ मीं जीव लावून मळलें, मग तें बिघडलें कां? आणि सासूबाई अंड्याच्या पदार्थाला शिवत नाहींत. मग त्यांना वगळूनच हा पदार्थ करावयाचा काय?

या तिसऱ्या प्रश्नानें मला हें भाषण लिहावयास बसविलें. घरांतील एका माणसाला ताटापासून दूर ठेवून जो पदार्थ करावयाचा, तो कितीही रुचकर असला तरी घरचा होत नाहीं. सुदैवानें या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें आशादायक आहेत.

ज्यांनीं स्कोन पाहिला नसेल त्यांच्यासाठीं प्रथम त्याची ओळख करून देतें. दोन-अडीच बोटें उंचीचा, वरून बदामी, आंतून मऊ आणि मध्यें हातानें सहज उकलणारा असा हा छोटा गोल पदार्थ असतो. केकइतका तो गोड नसतो आणि पावाइतका फिकाही नसतो. मूळचा तो स्कॉटलंडचा. १५१३ साली गॅव्हिन डग्लस या स्कॉटिश कवीनें व्हर्जिलच्या महाकाव्याचें भाषांतर पुरें केलें. त्यांत हा शब्द आढळतो. त्या काळीं मात्र स्कोनाचें रूप निराळें होतें. ओटचें किंवा जवाचें पीठ भिजवून त्याची जाड भाकरी थापीत, ती लोखंडी तव्यावर भाजीत आणि तिचे चार चतकोर करीत. म्हणजे ज्या पदार्थासाठीं आपण ओव्हन नाहीं म्हणून हळहळतों, त्याचा जन्मच मुळीं तव्यावर झाला!

शिवाय, भट्टीवांचून भाजणें ही विद्या वऱ्हाडाला कोणीं शिकवावयाची? पळसाच्या पानांत कणकेचा गोळा दाबून गोवऱ्यांच्या आरांत भाजलेले पानगे आणि त्याच आरांत खरपूस झालेले, तुपांत बुडविलेले रोडगे आपल्याकडे शेतांत, देवळाच्या आवारांत आजही होतात. चोहोंकडून सारखी आंच देऊन पिठाचा गोळा आंतपर्यंत शिजवावयाचा, हेंच तर भट्टीचें काम. तेव्हां ओव्हनाची चिंता आपण सोडून देऊं आणि पीठ बिघडतें कां, या दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं.

या भगिनींचा स्कोन बिघडला तो त्यांच्या कौशल्याच्या अभावामुळें नव्हे, तर कौशल्यामुळें! गव्हाच्या पिठांत पाणी पडून तें मळलें गेलें कीं, त्यांत ग्लूटेन नांवाचें एक चिवट जाळें तयार होतें. पोळीला तें हवें असतें. म्हणून आपण कणीक तिंबतों, झांकून ठेवतों, पुन्हां मळतों. त्यामुळें लाटी ताणली तरी फाटत नाहीं. स्कोनाला हेंच जाळें घातक ठरतें. तें पिठाला करकचून बांधून ठेवतें आणि आंतली वाफ त्याला वर उचलूं शकत नाहीं. जो हात उत्तम पोळी करतो, तोच येथें घात करतो. स्कोनाचें पीठ मळावयाचें नसतें. तें केवळ गोळा करावयाचें असतें. तें ओबडधोबड, थोडें चिकट दिसलें म्हणजे साधलें असें समजावें.

पिठाची निवडही पाहिली पाहिजे. मैदा घेतल्यास काम सोपें होतें. घरची कणीक वापरावयाची असेल तर निम्मी कणीक व निम्मा मैदा घ्यावा आणि दूध दोन चमचे अधिक घालावें. कणकेंतील कोंडा तें पिऊन टाकतो. रव्या-शेवयांसाठीं उत्तम असलेला बन्सी गहू येथें नको. त्याच्या पिठाचा स्कोन जड होतो.

आतां लोण्याविषयीं. लोणी थंडगार असावें, असें प्रत्येक कृतींत लिहिलेलें असतें. पण कां, हें सहसा कोणी सांगत नाहीं. बाजारच्या लोण्यांत शेंकडा ऐंशीच्या आसपास स्निग्धांश असतो. उरलेल्या भागांत बहुतेक पाणीच असतें. थंड लोण्याचे बारीक कण पिठांत जसेच्या तसे राहिले, तर आंच लागतांच ते वितळतात, त्यांतील पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पिठाचे पदर एकमेकांपासून दूर सारते. लोणी आधींच वितळलें तर तें पिठांत जिरतें आणि पदर सुटत नाहींत. तुपांत तर पाणी जवळजवळ नसतेंच; म्हणून तुपाचा स्कोन नानकटाईप्रमाणें खुसखुशीत होतो, पण फुलत नाहीं. लोणी साधारणपणें बत्तीस ते पस्तीस अंशांवर वितळतें. वैशाखांत वाशीमचा पारा चाळिसाच्या वर जातो, तेव्हां दुपारच्या स्वयंपाकघरांत लोण्याचा निभाव लागणार कसा? उन्हाळ्यांत हा उद्योग पहांटेस करावा आणि लोण्याबरोबर पीठ व परातही अर्धा तास शीतकपाटांत ठेवावी.

आतां कृति सांगतें. कागद-पेन्सिल जवळ असेल तर टिपून घ्यावी. आठ स्कोनांसाठीं मैदा २५० ग्रॅम, बेकिंग पावडर चहाचे सपाट ३ चमचे, लोणी ६० ग्रॅम, पिठीसाखर ४० ग्रॅम, मनुका ७५ ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि थंड दूध सुमारें १३० मिलिलिटर. लोणी खारट असेल तर मीठ घालूं नये. मैदा, बेकिंग पावडर व मीठ दोन वेळां चाळून घ्यावें. लोण्याचे बारीक तुकडे करून ते केवळ बोटांच्या टोकांनीं पिठांत चोळावे. तळहात लावूं नये, कारण तळहात गरम असतो. पीठ जाड रव्यासारखें दिसूं लागलें कीं थांबावें. साखर व मनुका मिसळाव्या, मध्यें आळें करून दूध ओतावें आणि सुरीच्या पात्यानें भराभर कालवावें. मग तो गोळा पीठ भुरभुरलेल्या पाटावर घेऊन हातानेंच दीड बोट जाडीचा थापावा. लाटणें नको.

धारदार कांठाच्या लहान वाटीनें सरळ खालीं दाबून गोल कापावे. वाटी पिळूं नये. पिळली कीं कडा चिकटून बंद होतात आणि स्कोन तिरपा फुगतो. वरच्या बाजूला दुधाचा हात फिरवावा. पण दूध कडेवरून ओघळूं देऊं नये, कारणही तेंच. बेकिंग पावडर ओली होतांच आपलें काम सुरू करते. म्हणून भट्टी आधीं तापलेली असावी, पिठानें तिची वाट पाहूं नये.

ज्यांच्याकडे ओव्हन आहे त्यांनीं तो २२० अंशांवर तापवून १२ ते १५ मिनिटें स्कोन भाजावे. इतरांनीं जाड लोखंडी कढई घ्यावी. तळाशीं दोन बोटें स्वच्छ वाळू किंवा जाडें मीठ पसरावें, त्यावर लहानशी तिवई ठेवावी, घट्ट झांकण घालून मोठ्या आंचेवर पंधरा मिनिटें तापवावें. कढई तापली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ताटलींत चिमूटभर मैदा ठेवून आंत सरकवावा. थोड्याच मिनिटांत तो बदामी झाला तर कढई तयार आहे. मग तूप लावलेल्या ताटलींत स्कोन एकमेकांस टेंकून ठेवावे. शेजाऱ्याचा आधार मिळाला म्हणजे ते सरळ वर चढतात. मध्यम आंचेवर वीस ते पंचवीस मिनिटें लागतात. पहिलीं पंधरा मिनिटें झांकण उघडूं नये. कढईंत वरून आंच नसते, त्यामुळें माथा फिकट राहतो. शेवटीं तापलेल्या तव्यावर ते दोन मिनिटें पालथे घालावे. प्रेशर कुकर वापरूं नये, असें मी आग्रहानें सांगतें. पाण्यावांचून फार तापविल्यास तो खराब होतो.

आणि ज्यांना वाळूचाही खटाटोप नको, त्यांनीं सरळ मूळच्या स्कॉटिश रीतीनें जावें. गोळा एक बोट जाडीचा थापून त्याचे चतकोर करावे, जाड तव्यावर मंद आंचेवर झांकण घालून प्रत्येक बाजूस सहा-सात मिनिटें भाजावे आणि शेवटीं कडा तव्याला टेंकवून एकेक मिनिट उभे धरावे. हे फार उंच होत नाहींत; पण चवीस उणे नसतात.

फळांविषयीं दोन शब्द. ओलीं फळें पिठांत घातलीं तर त्यांच्याभोवतीं चिखल होतो आणि तो भाग कच्चा राहतो; म्हणून सुकींच बरीं. मनुका अर्धा तास संत्र्याच्या रसांत भिजवून, फडक्यावर पुसून, मैद्यांत घोळून घातल्या तर त्या कोरड्याही राहत नाहींत व तळाशीं बसतही नाहींत. संत्र्यांना आपल्याकडे काय तोटा? आंबिया बहाराचीं संत्रीं दिवाळीच्या सुमारास येतात, मृग बहाराचीं माघ-फाल्गुनांत. त्यांची साल आपण फेंकून देतों. ती दोन वेळां पाण्यांत उकळून पाणी टाकून द्यावें, म्हणजे कडवटपणा निघतो. मग आंतला पांढरा भाग खरवडून, बारीक काप करून, साखरेच्या पाकांत पारदर्शक होईपर्यंत शिजवावे व वाळवावे. मनुकांच्या जोडीला हे मूठभर काप घालून पहावे. पुण्याच्या कॉफीगृहाला वऱ्हाडनें दिलेलें तें उत्तर ठरेल.

आतां सासूबाईंचा प्रश्न. त्यांची शंका हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. तिच्यामागें इतिहास आहे. गोव्यांत पोर्तुगीजांच्या काळापासून पाव फुगविण्यासाठीं पिठांत माडाची सूर घालीत. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका कार्यक्रमास गेलेल्या मंडळींपुढें चहा आणि बिस्किटें ठेवण्यांत आलीं. त्या मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें वृत्तपत्रांत प्रसिद्ध केलीं आणि मोठें वादळ उठलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, प्रायश्चित्ताचे वाद झाले. एवढ्याशा बिस्किटानें घरांघरांत भिंती उभ्या केल्या होत्या. त्या भिंती आज बहुतेक पडल्या आहेत. परंतु आपल्या ताटांत काय आलें आहे हें विचारण्याचा वडीलधाऱ्यांचा अधिकार मात्र कायम आहे, आणि त्याचें खरें उत्तर त्यांना मिळालें पाहिजे.

तें उत्तर असें: मीं सांगितलेल्या कृतींत अंडें नाहीं, यीस्ट नाहीं, सूर नाहीं. बाजारच्या स्कोनावर चकाकी येण्यासाठीं पुष्कळदां अंड्याचा हात फिरविलेला असतो. घरीं दुधाचा हात पुरतो. बेकिंग पावडर म्हणजे खायचा सोडा, एखादें कोरडें आम्ल आणि त्यांना कोरडें ठेवणारी पिठी, इतकेंच. ती घरांत नसेल तर अर्धा सपाट चमचा सोडा घेऊन दुधाऐवजीं आंबट ताक वापरावें. ताकांतील आम्लानें सोड्यांतून वायु निघतो आणि पीठ फुलतें. सोडा अधिक झाल्यास मात्र साबणासारखी चव येते.

या पावडरीची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें आल्फ्रेड बर्ड नांवाचे एक रसायनज्ञ औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडें सोसत नसे आणि यीस्टही सोसत नसे. म्हणून त्यांनीं आधीं अंड्यावांचून कस्टर्ड सिद्ध केलें आणि १८४३ साली यीस्टवांचून पीठ फुगविणारी ही पावडर. घरांतील एका माणसाला सर्वांबरोबर खातां यावें, एवढ्यासाठीं केलेली ती खटपट होती. पुढें सगळें जग तिचें ऋणी झालें. आमच्या वाशीमच्या भगिनींचा तिसरा प्रश्न याच जातीचा आहे.

तर भगिनींनो, स्कोन केला त्याच दिवशीं खावा. दुसऱ्या दिवशीं तो सुकतो, तेव्हां तव्यावर किंचित गरम करून घ्यावा. सुरीनें कापूं नये, हातानें उकलावा. इंग्लंडांत डेव्हन परगण्याचे लोक आधीं साय लावून वर मुरंबा घालतात, तर शेजारच्या कॉर्नवॉलचे लोक आधीं मुरंबा लावून वर साय घालतात, आणि या क्रमावरून त्यांचा वाद अजून मिटलेला नाहीं. आपल्या घरीं दुधावरची घट्ट साय आहे, आवळ्याचा मोरांबा आहे. क्रम ज्यानें त्यानें ठरवावा.

पुढच्या सुट्टींत लेक घरीं येईल तेव्हां कॉफीचें आधण ठेवावें, कढई तापत घालावी आणि पीठ मळण्याचा मोह तेवढा आवरावा. आणि पहिला ऊन ऊन स्कोन उकलून, साय लावून, तो लेकीच्या आधीं सासूबाईंच्या हातावर ठेवावा.